रुग्णालयाची वास्तू आणि रुग्णाची सुरक्षितता : ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा अनुभव

प्रस्तावना :
रुग्णालयांचा इतिहास बहुधा वैद्यकांचा व औषधोपचारांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पाणीपुरवठा, स्वयंपाकघर, धुलाई, स्वच्छता आणि इमारतींची देखभाल यांना त्यात दुय्यम स्थान मिळते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा इतिहास पाहता ही विभागणी टिकत नाही.

वारशाने आलेल्या इमारती :
दि. ५ जुलै १९४८ रोजी आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या कारकिर्दीत ही सेवा सुरू झाली आणि इंग्लंड व वेल्समधील अडीच हजारांहून अधिक रुग्णालये तिच्याकडे आली. त्यांतील अनेक इमारती एकोणिसाव्या शतकातील होत्या. काही तर मुळात निर्धनांसाठी बांधलेली श्रमगृहे होती. युद्धोत्तर टंचाईमुळे नव्या बांधकामास फारसा निधी मिळाला नाही. १९५६ मध्ये गिलबो समितीने ही उणीव स्पष्टपणे दाखवून दिली. पुढे १९६२ मध्ये ईनॉक पॉवेल यांनी ९० नवी रुग्णालये उभारण्याची व १३४ रुग्णालयांची मोठी पुनर्रचना करण्याची योजना मांडली. परंतु प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा वाढला आणि योजना अपुरी राहिली.

दोन दुर्घटना :
ऑगस्ट १९८४ मध्ये वेकफील्ड येथील स्टॅन्ली रॉयड या मनोरुग्णालयात अन्नातून साल्मोनेलाचा संसर्ग पसरून १९ रुग्ण दगावले. चौकशीत स्वयंपाकघराची दुरवस्था व व्यवस्थापनातील शैथिल्य उघड झाले. त्या काळी शासकीय रुग्णालयांना राजसत्तेच्या विशेषाधिकाराचे संरक्षण असल्याने अन्नविषयक कायद्यान्वये त्यांच्यावर खटला भरता येत नसे. १९८६ च्या कायद्याने हे संरक्षण काढून घेतले.

वेकफील्डची घटना जुन्या वास्तूत घडली होती. एप्रिल १९८५ मध्ये स्टॅफर्ड येथे मात्र नव्यानेच बांधलेल्या रुग्णालयात लिजनेअर रोगाची साथ उद्भवली व २८ जणांचा मृत्यू झाला. वातानुकूलन यंत्रणेच्या शीतक मनोऱ्यात जंतूंची वाढ झाली होती. केवळ नवी इमारत सुरक्षिततेची हमी देत नाही. यंत्रणेच्या आरेखनावर व दैनंदिन देखरेखीवर कोणाचा अधिकार आहे, हे निश्चित असावे लागते.

लांबणीवर पडलेली देखभाल :
रॉय ग्रिफिथ्स यांच्या १९८३ च्या अहवालाने रुग्णालयांत उत्तरदायी व्यवस्थापक नेमण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी स्वच्छता, धुलाई व भोजनव्यवस्थेसाठी स्पर्धात्मक निविदा मागविण्याचे धोरण आले. ही कामे बाहेरील कंत्राटदाराकडे सोपविता येतात. त्यांच्या परिणामांची जबाबदारी मात्र सोपविता येत नाही.

आर्थिक ओढाताणीत सर्वप्रथम देखभालीचाच खर्च पुढे ढकलला जातो, कारण त्याचे दुष्परिणाम तत्काळ दिसत नाहीत. किंग्ज लिन येथील रुग्णालयाचे छत हलक्या वायुमिश्रित काँक्रीटचे असल्याने त्यास हजारो आधारखांब लावावे लागले. २०२३-२४ मध्ये इंग्लंडमधील आरोग्य सेवेच्या प्रलंबित देखभालीचा खर्च सुमारे १,३८० कोटी पौंड इतका नोंदविला गेला.

निष्कर्ष :
स्थावर व सुविधा विभागाचे नेतृत्व हे केवळ बांधकामाचे प्रशासन नव्हे. न दिसणारा धोका वेळीच ओळखणे, तो संचालक मंडळासमोर निःसंदिग्धपणे मांडणे आणि त्यासाठी निधीचा आग्रह धरणे, हे त्याचे खरे कार्य होय. वेकफील्ड व स्टॅफर्ड येथील मृत्यू पाहता, हे कार्य रुग्णसेवेचाच अविभाज्य भाग ठरते.