कृष्णाकाठचे हिंव

मराठीत हिवाळ्याला हिमाचे नाव आहे. परंतु महाराष्ट्राच्या बहुतेक गावांत आयुष्यभर हिवाळे काढलेल्या माणसानेही हिम डोळ्यांनी पाहिलेले नसते. 'हिंव' हा जुना शब्द घराघरांत टिकला तो बहुधा हिवतापाच्या रूपाने. ज्या संकटाला रोजच्या बोलण्यात ठसठशीत नाव उरलेले नाही, त्या संकटाची तयारी तरी कोण करून ठेवणार? दख्खनच्या लहान शेतकऱ्याची गोठविणाऱ्या थंडीपुढे जी त्रेधा उडते, तिचे मूळ येथे आहे. ही थंडी पिढीतून एखाददुसऱ्या वेळी येते, आणि पुन्हा येईपर्यंत मागच्या वेळी काय केले हे सांगणारे माणूस घरात उरत नाही.

साताऱ्याहून कऱ्हाडकडे जाताना, तारळी नदी जेथे कृष्णेला मिळते तेथे उंब्रज हे गाव लागते. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे आणि समर्थांचे चाफळही जवळच आहे. नदीकाठी कसदार काळी मळी, तिच्या वर माळाची हलकी जमीन आणि पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे, अशी या मुलखाची ठेवण आहे. येथील दोन-चार एकरांच्या धन्याला अवर्षणाचे भय ठाऊक असते, कृष्णेच्या पुराचे भय ठाऊक असते, पिकावरच्या रोगाचेही असते. या प्रत्येकासाठी त्याच्यापाशी काही म्हण, काही नवस, काही तोडगा असतो. हिंवाची गोष्ट निराळी. ते आवाज न करता येते, एका रात्रीत काम उरकते, आणि सकाळी ऊन नेहमीसारखेच पडलेले असते.

1935 सालच्या जानेवारीत, संक्रांत होऊन तीनच दिवस झाले असताना, 17 तारखेला पुण्याच्या वेधशाळेत पारा 1.7 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. पुण्याच्या नोंदींत याहून खालचा आकडा नाही. दहा वर्षांनी, 7 जानेवारी 1945 रोजी, नाशिकचे उष्णतामान 0.6 अंश झाले. समुद्राच्या शेजारामुळे थंडीपासून बचावलेल्या मुंबईतही 22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझ येथे 7.4 अंशांची नोंद झाली. तिन्ही तारखा संक्रांतीच्या आगेमागे पंधरवड्याच्या आतल्या आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो ही आपली समजूत खरी आहे. परंतु दिवस वाढू लागला म्हणजे थंडी हटली, हे अनुमान मात्र फसवे आहे. लांब रात्रींत जमीन जितकी उष्णता गमावते तितकी तिला आखूड दिवसांत परत मिळत नाही. ही तूट भरून निघण्यास आणखी काही आठवडे जावे लागतात. अशा वेळी पश्चिमेकडून येणारी वादळी आवर्ते काश्मीर-पंजाबवरून पुढे सरकली, म्हणजे त्यांच्या मागून उत्तरेचा कोरडा, थंड वारा दक्षिणेकडे लोटतो. एरवी तो विंध्य-सातपुड्याच्या आसपास मवाळतो. क्वचित एखाद्या वर्षी तो दख्खनच्या पठारावर खोलवर शिरतो. मग आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि सायंकाळी वारा पडलेला, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या की हिंवाची रात्र आलीच.

येथे कोणी शंका घेईल की, 1.7 अंश म्हणजे शून्याच्या वरच. मग पाणी गोठेल कसे? याचे उत्तर वेधशाळेच्या रीतीत आहे. तेथील उष्णतामापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत, उघड्या आकाशापासून झाकून ठेवलेला असतो. शेतातील पान मात्र आकाशाकडे तोंड करून उघडे असते. ते आपली उष्णता रात्रभर आकाशाला देत राहते आणि भोवतालच्या हवेहूनही काही अंशांनी अधिक थंड होते. म्हणून पेटीतील पारा शून्याच्या वर असतानाही पानावरचे दव गोठू शकते.

हे कोडे शास्त्रीय रीतीने उकलले ते विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टराने, 1814 साली प्रसिद्ध केलेल्या दवावरील निबंधात. माळी लोक कोवळ्या रोपांवर पातळ चटया अंथरीत, त्यांचे वेल्सला पूर्वी हसू येई. इतके पातळ आच्छादन हवेची थंडी कशी अडविणार, असे त्याला वाटे. पुढे प्रयोगांती त्याला कळले की, चटई हवेला अडवीत नाही. ती रोप आणि आकाश यांच्यामध्ये उभी राहते, आणि रोपाची उष्णता निसटून जाऊ देत नाही. माळ्याचा हात बरोबर होता. शहाण्याचे हसू चुकीचे होते.

याच तत्त्वाचा उलटा उपयोग आपल्या देशात त्यापूर्वीच होत होता. सर रॉबर्ट बार्कर याने 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे अलाहाबादकडील बर्फ करण्याच्या पद्धतीचे वर्णन मांडले. तेथे उथळ, चौरस खड्ड्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे जाड पसरीत आणि त्यांवर पाण्याने भरलेल्या लहान मातीच्या परळांच्या ओळी मांडीत. ताटांच्या थरामुळे खालच्या जमिनीची ऊब परळांपर्यंत पोहोचत नसे, वरून आकाश उघडे असे, आणि जेथे तळ्या-डबक्यांचे पाणी कधी गोठत नाही तेथे पहाटे परळांत बर्फ धरे. शेतकऱ्याने यावरून घ्यावयाचा धडा मोठा आहे. उसाचे पाचट रोपांच्या वर असेल तर ते रक्षण करते. तेच रोपांच्या मधल्या जमिनीवर पसरलेले असेल, तर जमिनीची ऊब कोंडून ठेवून रोपांचा घात करते.

तिसरा शोध तर पुण्याचाच आहे. हिंदुस्थानच्या हवामानखात्याची मुख्य कचेरी 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यास आली, आणि पुणेकर तिला पुढेही 'सिमला ऑफिस' म्हणत राहिले. तेथे 1932 पासून शेतीविषयक हवामानाचा अभ्यास डॉ. एल. ए. रामदास यांच्या देखरेखीखाली सुरू झाला. त्याच साली रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी दाखवून दिले की, निरभ्र आणि निवांत रात्री उघड्या जमिनीवरची सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते. ती काही इंच ते फूट-दोन फूट उंचीवर असते. परदेशांतील शास्त्रज्ञांना हे बराच काळ पटले नाही. पुढे निरनिराळ्या ठिकाणच्या मोजमापांनी ते खरे ठरले, आणि 1993 साली बंगळूरच्या प्रा. रोद्दम नरसिंह प्रभृतींनी त्याची उपपत्ती मांडली. वीतभर वाढलेल्या मिरची-वांग्याच्या रोपांचे शेंडे नेमके याच उंचीवर असतात. मूळ उबेत, शेंडा थंडीत, अशी त्या रोपांची स्थिती होते.

आता हे सारे उंब्रजच्या शिवारात आणून पाहावे. थंड हवा जड असते. ती पाण्याप्रमाणे उतारावरून खाली वाहते आणि सखल जागी साचते. कृष्णेच्या उगमाकडे, महाबळेश्वरी, याचे प्रत्यंतर अनेक हिवाळ्यांत मिळते. गावातील वेधशाळेचा पारा शून्याच्या बराच वर असताना वेण्णा तलावाच्या काठी दव गोठून गवतावर हिमकण दिसतात. तीच वेण्णा पुढे माहुलीला कृष्णेस मिळते आणि कृष्णा उंब्रजला येते. खोऱ्याचा हा नियम सर्वत्र सारखाच आहे. माळावरच्या हलक्या जमिनीवरची थंडी रात्री खाली सरकते व नदीकाठच्या मळीत साचते. वर्षभर ज्या जमिनीचा हेवा करावा, तीच हिंवाच्या रात्री सर्वांत अधिक धोक्यात असते. आणि ऊस, हळद, भाजीपाला ही पैशाची पिके तर त्याच जमिनीत असतात.

अशा रात्री लहान शेतकऱ्याच्या हाती काय असते? पहिली गोष्ट म्हणजे पाणी. विहिरीचे पाणी थंडीत कोमट लागते, कारण खोल जमिनीचे उष्णतामान वर्षभर फारसे बदलत नाही. शिवाय ओली जमीन कोरडीपेक्षा दिवसाची उष्णता अधिक साठविते आणि रात्री ती सावकाश वर सोडते. कोरड्या, भेगाळलेल्या काळ्या जमिनीला हे साधत नाही. मोटेच्या काळी बैल दिवसा चालत, म्हणून हे पाणी उजेडीच द्यावे लागे. दुसरी गोष्ट आच्छादन. तरवा आणि भाजीचे वाफे यांच्यावर काठ्यांच्या आधाराने पाचट, कडबा किंवा गोणपाट संध्याकाळी घालावयाचे आणि ऊन वर आल्यावर काढावयाचे. परंतु एकरभर हरभऱ्याला कोणते गोणपाट पुरणार? या उपायाची मर्यादा वाफ्यापाशीच संपते.

तिसरी गोष्ट शेकोटी. हिंव टाळण्यासाठी द्राक्षमळ्यांत काटक्या व भुसा जाळण्याची रीत रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकातच सांगितली आहे. आणि आपल्या बृहत्संहितेत वराहमिहिराने झाडांच्या रोगांची कारणे सांगताना थंडीचे नाव घेतले आहे. धुराचे पांघरूण पिकाला झाकते, हा समज मात्र पूर्णपणे खरा नाही. धुराचे कण इतके सूक्ष्म असतात की, जमिनीतून निघणारी उष्णता त्यांच्यातून बहुतांशी सुटून जाते. खरा उपयोग होतो तो आगीच्या उबेचा आणि तिच्यामुळे हवा ढवळली जाण्याचा. म्हणून एका मोठ्या आगीपेक्षा शेतभर पेटविलेल्या अनेक लहान शेकोट्या बऱ्या. मोठ्या आगीची ऊब सरळ वर निघून जाते.

घरातील व्यवस्था हाही याच लढ्याचा भाग आहे. जुन्या घरांत गोठा सोप्याला लागून असे, त्यामुळे जनावरांची ऊब माणसांना आणि माणसांची जाग जनावरांना मिळे. बैलाला रात्री कडब्याची एक पेंडी अधिक घालणे ही केवळ माया नव्हे. वैरण पोटात मुरताना शरीरात उष्णता निर्माण होते. अंगावर गोणपाटाची झूल आणि खाली कोरडी जागा मिळाली की धडधाकट जनावर रात्र काढते. वासरे आणि म्हातारी गुरे यांनाच अधिक जपावे लागते. माणसांना घोंगडी आणि जुन्या लुगड्यांची वाकळ, बाजरीची भाकरी, तीळ आणि गूळ यांचा आधार. एक धोका मात्र शहरातील घरांनीही ध्यानात ठेवावा: दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीही निजू नये. त्या विषारी वायूला वास नसतो, आणि थंडीने न गेलेले माणूस त्याने जाते.

खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी होते. रोपे उकडल्यासारखी काळवंडलेली दिसतात आणि ती उपटून टाकण्याची घाई होते. हरभऱ्याची फुले गळली तरी झाड जिवंत असल्यास ते पुन्हा फुलते. त्याला वेळ द्यावा. शाळूचे नुकसान याच्या उलट, दिसत नाही पण असते. कणीस पोटरीत किंवा फुलोऱ्यात असताना कडक थंडी लागली तर पराग निकामी होतात. ताट हिरवे राहते, आणि महिन्याने कणीस पोकळ निघते. उसाचा शेंडा मेला तर त्याचे डोळे फुटू लागतात व रस बिघडतो. त्या रसाचा गूळ नीट बसत नाही. म्हणून हिंव लागलेला ऊस लवकर गाळला पाहिजे. परंतु गुऱ्हाळाची पाळी ठरलेली असते आणि चरक बहुधा भाड्याचा असतो. ज्याच्या घरचा चरक, त्याचा ऊस वाचतो. ज्याची पाळी पंधरा दिवसांनी, त्याचा रस आंबतो. थंडी सर्वांवर सारखी पडली तरी तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, तो असा.

या नुकसानीची नोंद सरकारदरबारीही सहज होत नसे. जमीनमहसुलाच्या सुटीसाठी पिकाचा अंदाज आणेवारीने, म्हणजे साऱ्या गावाचे पीक सोळा आण्यांत मोजून, केला जाई. माळावरची पिके शाबूत आणि सखल मळीतील पिके गेलेली, अशा गावाचा सरासरी आकडा सुटीच्या रेषेखाली येणे कठीण असे. दुष्काळाचा इतिहास लिहिला गेला, कारण त्याने जिल्हे उजाड केले. हिंवाने एकेका घराचे एकेक शेत नेले, म्हणून त्याला इतिहास मिळाला नाही. पुढे परिस्थिती पालटली. नाशिकला पारा शून्याशी भिडला त्या 1945 सालीच शेतकऱ्यांसाठी हवामानाची खास वार्तापत्रे आकाशवाणीवरून देण्यास प्रारंभ झाला. 2012 साली केंद्र सरकारने हिंव व थंडीची लाट यांचा समावेश मदतीस पात्र असलेल्या नैसर्गिक आपत्तींत केला. डिसेंबर 2018 च्या अखेरीस निफाडला पारा दोन अंशांच्या खाली गेला, तेव्हा तेथील द्राक्षबागाईतदारांनी पहाटे बागांत शेकोट्या पेटविल्या आणि ठिबकाने पाणी सोडले. साधने नवी होती. पाणी आणि आग हे उपाय मात्र जुनेच होते.

आकाशवाणी आणि वेधशाळा जिल्ह्याची थंडी सांगतात. शेताच्या कोणत्या कोपऱ्यात ती साचते, हे शेताच्या धन्यानेच पाहून ठेवावे लागते. यास्तव ज्या घराची जमीन अजून गावी आहे, त्या घराने हिंवाची रात्र येऊन गेल्यावर पंचांगाच्या कोऱ्या पानावर चार ओळी लिहून ठेवाव्यात: तारीख कोणती, वारा केव्हा पडला, कोणता वाफा गेला आणि कोणता वाचला. पुढची तशी रात्र येईल तेव्हा त्या ओळी लिहिणारे घरात असतीलच असे नाही. ओळी मात्र असाव्यात.