मार्दुक या वर्षी निघणार

उत्तरेकडून बाबिलोनमध्ये शिरताना आधी डोळ्यांत भरतो तो निळा रंग. इश्तारच्या वेशीच्या विटांना निळी झिलई आहे. त्या निळ्यावर एक ओळ बैलांची, एक ओळ मुश्हुश्शूंची, पुन्हा बैल, पुन्हा मुश्हुश्शू. भिंतीजवळ जाऊन नीट बघा : डोकं सापाचं, अंगावर खवले, पुढचे पाय सिंहाचे, मागचे गरुडाचे, शेपटीला विंचवाची नांगी. हे या शहराच्या देवाचं, मार्दुकचं, जनावर. बैल वादळपावसाच्या अदादचा. आणि ज्या रस्त्याने तुम्ही आलात, त्याच्या दुतर्फा भिंतींवर जे सुमारे 120 सिंह जबडा उघडून उभे होते, ते इश्तारचे. अक्षरओळख नसलेल्यालाही आपण कोणाकोणाच्या हद्दीतून चाललोय हे समजतं.

साल इ.स.पू. 539. निसन्नू महिन्याची चंद्रकोर नुकतीच दिसली आहे; आपल्याकडे चैत्र लागतो, साधारण तोच सुमार. शेतात जव कापणीला आलंय. उत्तरेच्या डोंगरांतलं बर्फ वितळून युफ्रेटिसचं पाणी चढतंय. गल्लीत कांदे, सुके मासे, खजुराची बिअर, आणि कानावर पडते ती अरामी भाषा. देवळातली अक्कादी इथे आता फारसं कोणी बोलत नाही. बोलणं मात्र सगळं देवळाचंच : मार्दुक या वर्षी निघणार.

तो निघतो की नाही याची काळजी वाटावी, असे दिवस या लोकांनी काढलेत. राजा नाबोनिदस दहा वर्षं अरबस्तानातल्या तैमा या ओअॅसिसमध्ये जाऊन राहिला होता. कारभार मुलाच्या, बेलशस्सरच्या, हाती. पण नववर्षाच्या अकितू सणात देवाचा हात धरून त्याला देवळाबाहेर आणायचं ते राजानेच. राजा नाही, म्हणून मार्दुकचा मुलगा, देव नाबू, बोर्सिप्पाहून बापाला भेटायला आला नाही, मार्दुक बाहेर पडला नाही, सण झाला नाही. बाबिलोनच्या इतिवृत्तात वर्षामागून वर्ष हीच नोंद आहे, तीही तक्रारीचा सूर न लावता. मला तो कोरडेपणा शिव्याशापांहून जास्त बोचतो.

शिवाय देव शहर सोडून निघून जातो, हेही या शहराने सोसलंय. हित्तींनी शहर लुटलं आणि मार्दुकची मूर्ती नेली. पुढे एलामींनी नेली. इ.स.पू. 689 मध्ये असुरियाच्या सेनाखेरिबने तर शहरच उद्ध्वस्त केलं, आणि मार्दुक घरी परतायला 668 उजाडलं. अशा वेळी बाबिलोनचे लोक आपला देव हरला असं म्हणत नाहीत. तो आपल्यावर रागावला आणि आपल्या पायांनी गेला, असं म्हणतात.

मूर्ती घडवणारे हात माणसाचेच, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून नव्या मूर्तीचं ‘तोंड धुण्याचा’ विधी असतो. नदीकाठच्या बागेत रात्र जागवून मूर्तीत देव जागा करतात. मग कारागिरांना पुढे आणून त्यांचे हात बांधतात आणि झाऊच्या लाकडी सुरीने ते तोडल्यासारखं करतात. सोनार, सुतार शपथ घेतात : हे मी केलं नाही, माझ्या कसबाच्या देवाने केलं. आयुष्यातलं सर्वांत देखणं काम करायचं आणि लगेच ते नाकारायचं! त्या सुताराला घरी गेल्यावर काय वाटत असेल, हे कुठल्याही पाटीवर नाही.

एकदा देव जागा झाला की त्याला भूक लागते, कपडे लागतात, झोप लागते. काकडआरतीला गेलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. दक्षिणेकडच्या उरुकमध्ये देवांना दिवसातून चार वेळा पान वाढतात, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा. कालू पुजारी तांब्याच्या नगाऱ्यावर जी विलापगीतं गातात ती सुमेरी. ही भाषा घराघरातून जाऊन दीड हजार वर्षं होत आली. सुमेरी लोकांची इनान्ना इथे इश्तार झाली, उतू शमाश झाला, नान्ना सिन झाला. पण त्यांना समजवायचं ते अजून जुन्याच बोलीत. मार्दुक या मंडळींत उशिरा मोठा झाला. हम्मुराबीच्या आधी त्याला या शहराबाहेर विशेष कोणी विचारत नव्हतं. आज, सणाच्या चौथ्या संध्याकाळी, थोरला पुजारी त्याच्यासमोर सात पाट्यांचं सृष्टिकाव्य म्हणतोय. मार्दुकने सागररूपी तियामतला चिरून तिच्या अर्ध्या देहाचं आकाश कसं केलं ते त्यात आहे, आणि शेवटी मार्दुकची 50 नावं. निप्पुरच्या म्हाताऱ्या एनलिलचं सिंहासन एव्हाना त्याच्याकडे आलेलं आहे. देवांच्या राजकारणात हे असं चालतं.

पाचवा दिवस. सकाळी नाबूच्या गाभाऱ्याच्या भिंती मेंढ्याच्या धडाने पुसून घेतात आणि ते धड नदीत सोडतात. पुसणारा माणूस सण संपेपर्यंत शहरात परत यायचा नाही. थोरल्या पुजाऱ्याने तर हे डोळ्यांनी पाहायचंही नाही.

संध्याकाळी तुम्ही मार्दुकच्या देवळाच्या, एसागिलाच्या, आतल्या गाभाऱ्यात आहात. खरं तर तुमचं इथे काम नाही. आत फक्त राजा आणि पुजारी. (हा विधी सांगणाऱ्या पाट्या काही शतकांनंतरच्या आहेत. नाबोनिदसच्या वेळी तो अगदी अस्साच झाला असेल, याची हमी कोणी देणार नाही.) पुजारी राजाचा दंड, कडं, गदा आणि मुकुट काढून घेतो, देवापुढे आसनावर ठेवतो. मग राजाच्या थोबाडीत मारतो. कान धरून ओढत नेतो, गुडघे टेकायला लावतो. राजा म्हणतो : मी पाप केलं नाही, तुझी सेवा चुकवली नाही, बाबिलोनची नासाडी केली नाही, इथल्या मानकऱ्यांवर हात उगारला नाही. दहा वर्षं बाहेर काढलेल्या माणसाने ‘सेवा चुकवली नाही’ म्हणताना आवाज कसा ठेवायचा? पुजारी धीर देतो, चिन्हं परत करतो. आणि पुन्हा एक थप्पड, पहिलीपेक्षा महत्त्वाची. डोळ्यांत पाणी आलं तर देव प्रसन्न. नाही आलं तर देव कोपला. शत्रू उठेल आणि राजाला पाडेल.

त्यानंतरची मिरवणूक तुम्हाला गर्दीतूनच पाहावी लागते. नाबू बोर्सिप्पाहून नावेने आलेला, राजाने मार्दुकचा हात धरलेला, दगडी फरशीवरून निळ्या वेशीकडे आणि तिथून शहराबाहेरच्या अकितूच्या घरी. सण रीतीप्रमाणे झाला, असं या वर्षाच्या नोंदीत आहे.

उन्हाळ्यात मात्र वेगळीच गर्दी. किश, मराद, हुर्सगकलम्मा, गावोगावचे देव बाबिलोनमध्ये आणले जातात. पूर्वेकडून पर्शियन येतायत आणि राजाला देव तटाच्या आत हवेत. बोर्सिप्पा, कुथा, सिप्परचे देव येत नाहीत. ऑक्टोबरमध्ये पर्शियन राजा सायरसचं सैन्य न लढता आत येतं. ढाली घेतलेले शिपाई एसागिलाच्या दारांशी उभे राहतात, पण पूजा एक दिवसही चुकत नाही.

सायरसच्या मातीच्या दंडगोलावर पुढे लिहिलं जातं की नाबोनिदसला विटून मार्दुकने देशोदेशी नीतिमान राजा शोधला आणि सायरसचा हात धरला. जिंकणाऱ्याच्या पदरचे लेखक दुसरं काय लिहिणार! तरी जमवलेले देव त्याने आपापल्या गावी परत पाठवले, हेही त्याच दंडगोलावर आहे.

आणखी काही महिने थांबलात तर पुढचा निसन्नूही पाहाल. चौथ्या दिवशी सायरसचा मुलगा कँबायसिस शहरातल्या नाबूच्या देवळात शिरतो. इतिवृत्ताची पाटी त्या जागी फुटली आहे, पण तो आत कसा आला यातली एक गोष्ट लेखनिकाने टिपून ठेवलेली वाचता येते : अंगावर एलामी पोशाख.