मोटारसायकलवरची उसनी वीज

मागच्या हिवाळ्यात एका विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही पुण्याहून मोटारसायकलने करकंबला गेलो होतो. टेंभुर्णीला सोलापूर महामार्ग सोडला की रस्ता पंढरपूरकडे वळतो आणि वाटेत करकंब लागते. त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीचा मुक्काम या गावी असतो. वारकऱ्यांना ही वाट पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे. आम्हाला मात्र हँडलवर फोन बांधून त्यातला नकाशा पाहत जावे लागले. फोनला वीज गाडीच्या बॅटरीतून मिळत होती आणि त्याची वायर आम्हीच मोठ्या हौसेने थेट बॅटरीला जोडली होती.

मुक्काम गावाबाहेर एका शिक्षकांच्या वस्तीवर होता. झोपण्यापूर्वी आम्ही एक पॉवर बँक त्याच वायरला लावून ठेवली, सकाळपर्यंत भरेल म्हणून. सकाळी बटण दाबले तर नुसता ‘टक्’ असा आवाज! गाडीला किक नव्हतीच. ढकलून पाहिली, तरी इंजिनाने दाद दिली नाही. दहा वाजता मुले वाट पाहत असणार. शेवटी यजमानांनी गावातून मिस्तरींना बोलावले. त्यांनी सीट उचलून एकदा पाहिले आणि म्हणाले, “डायरेक्ट बॅटरीला जोडलंय व्हय साहेब? लुना असती तर पायडल मारून चालू झाली असती.”

विज्ञानात डॉक्टरेट असलेल्या माणसाने हे ऐकून घेणे जरा जड गेले. पण मिस्तरींच्या एका वाक्यात दुचाकीच्या विजेचा निम्मा इतिहास होता.

लुना 1972 साली बाजारात आली. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) कायनेटिक इंजिनिअरिंगची ही मोपेड अनेक शिक्षकांनी चालवली असेल. ती सुरू करण्यासाठी बॅटरी लागत नसे. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकात चुंबक बसवलेले असत आणि आत तारेची वेटोळी. चुंबक फिरला की वेटोळ्यात विद्युतधारा निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेले तत्त्व आपण नववी-दहावीत शिकवतो. यालाच मॅग्नेटो म्हणतात. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने 1897 मध्ये असा मॅग्नेटो एका तीनचाकी मोटारगाडीला बसवला. पुढे 1902 मध्ये तिथल्याच गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च व्होल्टतेचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग ही जोडी तयार केली. त्या काळी गाडीवरची वीज एवढ्याच कामाची होती: पेट्रोलची वाफ पेटवणारी ठिणगी पाडणे. उजेडासाठी कार्बाइडचे दिवे वापरत.

नंतर त्याच मॅग्नेटोवर दिवा जोडला गेला आणि एक गंमत झाली. निर्माण होणारी व्होल्टता चुंबकाच्या वेगावर अवलंबून असते. त्यामुळे इंजिन हळू चालले की दिवा मिणमिणतो, वेग वाढला की लख्ख पेटतो. रात्री खड्डा आला की गाडी हळू करायची, पण खड्डा दिसावा म्हणून क्लच दाबून रेस द्यायची, ही कसरत जुन्या स्कूटरवाल्यांना आठवत असेल. रेस फार झाली तर बल्ब उडायचा. अशा गाडीवर फोन जोडला असता तर त्याचे काय झाले असते, हे सांगायला नको.

वीज साठवायची तर बॅटरी हवी. बॅटरीला दिष्ट धारा लागते आणि मॅग्नेटो देतो प्रत्यावर्ती, म्हणून मध्ये रेक्टिफायर आला. व्होल्टता मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटरही आला. जुन्या बुलेटच्या हेडलाइटवर एक छोटा अ‍ॅमीटर असे. काटा एका बाजूला असला तर बॅटरीत धारा जाते आहे, दुसऱ्या बाजूला असला तर बाहेर पडते आहे. हा काटा गेला याचे आम्हाला आजही वाईट वाटते. तो असता तर निदान झोपण्यापूर्वी आमच्या नजरेस पडला असता.

बॅटऱ्या आधी 6 व्होल्टच्या होत्या, नंतर 12 व्होल्टच्या झाल्या. शिसे-आम्ल घट सुमारे 2 व्होल्ट देतो, म्हणजे तीनऐवजी सहा घट. शक्ती तेवढीच हवी असेल तर व्होल्टता दुप्पट केल्यावर धारा निम्मी लागते आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा एक चतुर्थांश होते. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीला हे फार सोयीचे, कारण स्टार्टर मोटर क्षणभर का होईना, दहा-वीस अँपिअरहून अधिक धारा ओढते. आपल्याकडे 1980च्या दशकात कायनेटिक होंडाने बटणाची सवय लावली. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागू लागला. एप्रिल 2020 मध्ये प्रदूषणाचे भारत स्टेज-6 हे निकष लागू झाले आणि बहुतेक गाड्यांत कार्बुरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. आता पेट्रोलच्या पंपालाही वीज हवी. आमची गाडी ढकलून का चालू झाली नाही, याचे कारण हेच.

आता पाहुण्याकडे, म्हणजे फोनकडे वळू. उपग्रहाचे संकेत ऐकायला फार वीज लागत नाही. खरी खादाड असते ती उन्हात पूर्ण उजळलेली स्क्रीन. फोनच्या साध्या चार्जिंगला 5 व्होल्ट लागतात. हा आकडा 1960च्या दशकातील संगणकी चिपांपासून चालत आला आणि 1996च्या यूएसबी मानकाने तोच उचलला. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे 14 व्होल्ट असतात. 7805 ही चिप वापरून ते 5 वर आणता येतात, पण 1 अँपिअर धारेला फोनला 5 वॅट मिळतात आणि 9 वॅट चिप तापवण्यात जातात. म्हणून गाडीवरच्या चार्जरमध्ये दुसरी युक्ती असते. एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो, आणि वेटोळे व धारित्र मिळून त्या तुकड्यांची सरासरी काढतात. यात फार थोडी ऊर्जा वाया जाते.

मग आमचे चुकले कुठे? गाडीची बॅटरी 12 व्होल्ट, 5 अँपिअर-तास, म्हणजे 60 वॅट-तास. पॉवर बँक 10,000 मिलिअँपिअर-तासांची, आतल्या घटाची व्होल्टता 3.7, म्हणजे 37 वॅट-तास. रूपांतरातील घट धरून तिने रात्रीत 45 वॅट-तास तरी ओढले असणार. उरलेल्या विजेत स्टार्टर फिरत नाही. हे गणित आम्हाला येत होते. ते आदल्या रात्री केले नव्हते, इतकेच.

मिस्तरींनी दुसरी बॅटरी जोडून गाडी सुरू केली. मग आमची वायर बॅटरीवरून काढून एका रिलेमार्फत चावीनंतरच्या लाइनवर घेतली आणि वाटेत फ्यूज बसवला. चावी काढली की फोनची वीज बंद. सगळे मिळून अर्धा तास लागला.

आम्ही शाळेत उशिराच पोचलो. मग ठरलेले व्याख्यान बाजूला ठेवून गाडीच मैदानात उभी केली. मुलांनी मल्टिमीटरने बॅटरीची व्होल्टता मोजली, आधी इंजिन बंद असताना, मग चालू करून. आकडा 14च्या आसपास चढला तेव्हा एका मुलीने विचारले, “म्हणजे फोन पेट्रोलवर चालतो का?” चालतो. फळ्यावर हिशेब मांडला: 10 वॅटचा फोन तासभर चालला तर 36 किलोज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32,000 किलोज्यूल असतात. इंजिन, जनित्र आणि चार्जर यांतून शेवटी दहावा हिस्सा हाती लागतो असे धरले, तर तासाला सुमारे 11 मिलिलिटर. पुण्याहून करकंबपर्यंतच्या पाच तासांत फोन 55 मिलिलिटर पेट्रोल प्यायला होता. मुलांनी प्रयोगशाळेतून मोजपात्र आणून तेवढे पाणी भरून पाहिले.