नोडलिस्ट: यादी दिसते, पण यादी नसते

जुन्या ग्रंथांच्या डिजिटल प्रतींवर काम करणार असाल, तर टीईआय पद्धतीची एक्सएमएल फाइल कधी ना कधी तुमच्यासमोर येणारच. समजा, लेखकाने वापरलेले शब्द मोजायचे आहेत. मग संपादकाच्या टीपा आधी काढायला हव्यात. ‘नोट’ नावाचे सगळे नोड मागवायचे, शून्यापासून लूप फिरवायचा, एकेक नोड काढत जायचं. सोपं काम! स्क्रिप्ट चालते, एररही येत नाही. पण सहा टीपांपैकी तीन फाइलमध्ये तशाच राहतात, आणि तुमच्या तक्त्यात लेखकाच्या शब्दांत संपादकाचे शब्द मिसळतात.

असं का होतं, हे समजायला १९९८ मध्ये जावं लागतं. त्या फेब्रुवारीत डब्ल्यूथ्रीसीने एक्सएमएल १.० जाहीर केलं आणि १ ऑक्टोबरला डीओएम लेव्हल १. तेव्हा नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या ब्राउझरांचं एकमेकांशी जमत नव्हतं. एकाच पानासाठी लोक दोन-दोन स्क्रिप्ट लिहीत होते. डीओएमला हा गोंधळ तर मिटवायचा होताच, शिवाय कुठल्या एका भाषेला बांधून घ्यायचं नव्हतं. म्हणून त्याची व्याख्या आयडीएल या तटस्थ भाषेत केली आणि जावा व जावास्क्रिप्टसाठी तिची रूपं जोडून दिली. परिणाम काय झाला? नोडलिस्टच्या वाट्याला दोनच गोष्टी आल्या: लांबी सांगणारं ‘लेंग्थ’ आणि क्रमांकावरून नोड देणारं ‘आयटम’. जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या अ‍ॅरेची हत्यारं तिच्याकडे नव्हती. ‘फॉरईच’सुद्धा ब्राउझरांत २०१६ च्या सुमारास आलं.

पण खरी मेख दुसरीच आहे. ही यादी ‘लाइव्ह’ असेल, असं त्या मसुद्यात स्पष्ट लिहिलं होतं. दस्तऐवज बदलला की यादीही बदलणार. म्हणजे तुमच्या हातात उत्तर नसतं, प्रश्न असतो. तुम्ही विचाराल तेव्हा तो नव्याने सोडवला जातो. वरचा लूप आता कागदावर फिरवून बघा. शून्य क्रमांकाची टीप काढली, की दुसरी टीप सरकून शून्यावर येते. तुम्ही मात्र एकवर गेलेले असता. पहिली, तिसरी, पाचवी गेली. दुसरी, चौथी, सहावी राहिली. उलट लूपच्या आत त्याच नावाचे नवे नोड घालत राहिलात, तर लांबी वाढतच जाते आणि लूप थांबतच नाही. माझ्या मते तो प्रकार परवडला, निदान बिघडलंय हे कळतं तरी!

पुढच्या लोकांनी हे दुखणं ओळखलं होतं. २००४ च्या डीओएम एक्सपाथमध्ये निकाल दोन तऱ्हांनी मागता येतो. ‘स्नॅपशॉट’ गोठलेला असतो. ‘इटरेटर’ वापरताना मध्येच दस्तऐवज बदलला, तर तो सरळ एरर देतो. मला हा सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. नंतरच्या ‘क्वेरीसिलेक्टरऑल’ने नोडलिस्ट हेच नाव ठेवलं, पण यादी मात्र गोठलेली दिली. नाव एक, वागणूक दोन! पायथनच्या मिनिडॉममध्ये आणखी वेगळं: टॅगच्या नावाने मागवलेली यादी गोठलेली, पण ‘चाइल्डनोड्स’ मात्र खरीखुरी, जिवंत. पीएचपीत टॅगच्या नावाने मागवलेली यादी लाइव्हच असते.

म्हणून नोड काढायचे असतील, तर लूप शेवटाकडून सुरुवातीकडे फिरवा, किंवा आधी साध्या अ‍ॅरेत प्रत करून घ्या, जावास्क्रिप्टमध्ये ‘अ‍ॅरे.फ्रॉम’, पीएचपीत ‘इटरेटर_टू_अ‍ॅरे’. आणि काम झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारून बघा: ‘नोट’ किती उरल्या? शून्य आलं, तरच शब्द मोजायला घ्या. दुसऱ्या कुणी साफ केलेली फाइल मिळाली असेल, तर हा आकडा पहिल्याच दिवशी काढा.