शिकार, पीकसंरक्षण आणि बंदूक : ब्रिटनमधील शस्त्रपरवान्याचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

इंग्लंडमध्ये १६७१ साली शिकारविषयक कायदा संमत झाला आणि १६८९ मध्ये ‘बिल ऑफ राइट्स’ अस्तित्वात आले. या दोन कायद्यांत केवळ अठरा वर्षांचे अंतर असले, तरी बंदुकीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी भिन्न होती. पहिल्या कायद्याने सामान्य माणसाला शिकारीसाठी बंदूक बाळगण्यास मनाई केली. दुसऱ्याने प्रोटेस्टंट प्रजाजनांना आपल्या दर्जानुसार आणि कायद्याच्या मर्यादेत स्वसंरक्षणासाठी शस्त्रे बाळगता येतील, असे मान्य केले. आज तीन शतकांनंतर ही स्थिती जवळजवळ उलट झालेली दिसते. बंदुकीचा दाखला मागणाऱ्याने स्वसंरक्षणाचे कारण दिल्यास ते सर्वसाधारणपणे ग्राह्य धरले जात नाही. शिकारीचे किंवा उपद्रवी प्राणी मारण्याचे कारण मात्र ग्राह्य धरले जाते. हा पालट कसा घडून आला आणि त्यात जमीनदार, कूळ व शासन यांचे हितसंबंध कसे गुंतले होते, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. उत्तर आयर्लंडमधील शस्त्रविषयक कायदा स्वतंत्र असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

मालमत्ता हीच पात्रता

१६७१ च्या कायद्यानुसार शिकारीचा अधिकार प्रामुख्याने वार्षिक शंभर पौंड उत्पन्नाची मालकी हक्काची जमीन असणाऱ्यास, दीडशे पौंड उत्पन्नाची दीर्घ मुदतीच्या पट्ट्याची जमीन असणाऱ्यास आणि ‘एस्क्वायर’ किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या व्यक्तीच्या वारसास होता. त्या काळी परगण्यातून पार्लमेंटचा सभासद निवडण्यासाठी चाळीस शिलिंग, म्हणजे दोन पौंड, उत्पन्नाची जमीन पुरेशी होती. मतदानासाठी लागणाऱ्या मालमत्तेच्या पन्नासपट मालमत्ता एक तित्तिर मारण्यासाठी लागते, याकडे अठराव्या शतकातील प्रसिद्ध विधिज्ञ विल्यम ब्लॅकस्टन यांनी लक्ष वेधले होते. अपात्र व्यक्तींच्या घरांची झडती घेऊन बंदुका, जाळी आणि शिकारी कुत्रे जप्त करण्याचा अधिकार जमीनदारांनी नेमलेल्या शिकाररक्षकांना, म्हणजे ‘गेमकीपर’ना, देण्यात आला.

या व्यवस्थेची कठोरता पुढे वाढतच गेली. १७२३ च्या ‘ब्लॅक ॲक्ट’ने तोंडाला काळे फासून सशस्त्र स्थितीत राखीव रानात वावरण्यासारख्या अनेक कृत्यांना देहदंडाची शिक्षा ठेवली. ई. पी. टॉम्पसन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कायद्यामागील मालमत्ताधारी वर्गाचे हितसंबंध सविस्तर उलगडून दाखविले आहेत. १८२८ च्या कायद्यानुसार रात्रीच्या चोरट्या शिकारीचा गुन्हा तिसऱ्यांदा सिद्ध झाल्यास सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा होऊ शकत असे. रानात तारेला बांधून ठेवलेल्या आणि पाय अडखळताच आपोआप उडणाऱ्या बंदुकांवर १८२७ मध्ये बंदी आली; तोपर्यंत त्यांनी चोरट्या शिकाऱ्याप्रमाणेच वाट चुकलेल्या निरपराध माणसाचाही बळी घेतला होता.

‘उपद्रवी’ प्राण्यांचा अपवाद

कायद्याने प्राण्यांची दोन वर्गांत विभागणी केली होती. फेझंट, तित्तिर, ग्राउज आणि मोकळ्या रानातला मोठा ससा, म्हणजे ‘हेअर’, हे ‘गेम’, म्हणजे प्रतिष्ठितांच्या शिकारीसाठी राखलेले प्राणी होत. कावळे, कोल्हे, उंदीर इत्यादी ‘व्हर्मिन’, म्हणजे उपद्रवी प्राणी मानले जात. त्यांना मारणे हे समाजहिताचे कार्य समजले जाई. एलिझाबेथ राणीच्या काळातील १५६६ च्या धान्यरक्षणाच्या कायद्यानुसार अशा प्राण्यांची मुंडकी आणून देणाऱ्यास गावच्या चर्चच्या अधिकाऱ्यांकडून बक्षीस मिळे. कोल्ह्यासाठी ते बारा पेन्स होते.

हे वर्गीकरण प्राण्याने केलेल्या नुकसानीवर आधारलेले नव्हते. ‘हेअर’ पीक खातो हे प्रत्येक शेतकरी जाणत होता. तरीही तो ‘गेम’ राहिला. मात्र याच वर्गीकरणातून सामान्य शेतकऱ्यासाठी एक वाट मोकळी झाली. १७०७ च्या शिकार कायद्यातील निषिद्ध साधनांच्या यादीत बंदुकीचा स्पष्ट उल्लेख नव्हता. १७३९ मधील गार्डनर खटल्यात न्यायालयाने असा निर्वाळा दिला, की उपद्रवी प्राणी मारण्यासारख्या इतर कामांसाठीही बंदूक आवश्यक असल्याने ती नुसती जवळ असणे हा गुन्हा नव्हे. तिचा वापर ‘गेम’ मारण्यासाठी झाला, तरच तो गुन्हा होय. शेतकऱ्याच्या घरातील बंदूक अशा रीतीने कायदेशीर ठरली, पण ती कोणत्या प्राण्यावर रोखायची हे ठरविण्याचा अधिकार त्याला मिळाला नाही.

कुळांचा प्रश्न

१८३१ च्या शिकार सुधारणा कायद्याने मालमत्तेची अट रद्द केली. शुल्क भरून दाखला घेणाऱ्या कोणासही शिकार करता येऊ लागली. तथापि शिकारीसाठी जमीन लागते आणि जमीन मोजक्या घराण्यांच्या हाती होती. जमीन कुळाला कसावयास देताना शिकारीचा हक्क स्वतःकडे राखून ठेवण्याची प्रथा जमीनदारांनी सर्रास अवलंबिली. परिणामी, खंड भरणाऱ्या कुळाला आपले पीक फस्त करणारा ससा डोळ्यांसमोर दिसत असूनही मारता येत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मागून काडतूस भरण्याच्या बंदुका प्रचारात आल्या आणि हाकारे घालून उडविलेल्या पक्ष्यांची मोठ्या प्रमाणावर शिकार करणे शक्य झाले. पाहुण्यांसाठी पक्षी वाढविणे आणि राखणे हा जमीनदारीचा मोठा व्याप बनला. शिकाररक्षकांची संख्या वाढत जाऊन १९११ च्या जनगणनेच्या सुमारास ती वीस हजारांच्या वर गेली. १८६२ च्या कायद्याने चोरट्या शिकारीच्या संशयावरून सार्वजनिक रस्त्यावर झडती घेण्याचा अधिकार पोलिसांना दिला. खासगी शिकारीच्या रक्षणासाठी सार्वजनिक पैशावर चालणारी पोलीस यंत्रणा राबविली जावी, याबद्दल ग्रामीण भागात तीव्र असंतोष होता. जॉन ब्राइट यांच्या पुढाकाराने १८४५ मध्ये नेमलेल्या संसदीय समितीपुढे पिकांच्या नुकसानीचा प्रश्न मांडला गेला, तर शेतमजुरांचे नेते जोसेफ आर्च यांनी १८७३ मध्ये अशाच एका समितीपुढे साक्ष दिली.

ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १८८० मध्ये संमत झालेला ‘ग्राउंड गेम ॲक्ट’ हा या संघर्षातील निर्णायक टप्पा होय. जमीन कसणाऱ्यास ‘हेअर’ आणि बिळात राहणारा लहान ससा, म्हणजे ‘रॅबिट’, मारण्याचा हक्क या कायद्याने दिला. महत्त्वाची बाब अशी, की हा हक्क सोडून देण्याचा कोणताही करार अवैध ठरविण्यात आला. करारस्वातंत्र्याचे तत्त्व शिरोधार्य मानणाऱ्या त्या काळात कुळाच्या दुर्बल स्थितीची ही दखल उल्लेखनीय आहे. तरीही फेझंट आणि तित्तिर जमीनदाराकडेच राहिले. शिवाय बंदूक वापरण्याची मुभा कुळास स्वतःस आणि त्याने लेखी अधिकार दिलेल्या एकाच व्यक्तीस होती.

करापासून नियंत्रणाकडे

१८७० च्या बंदूक परवाना कायद्यानुसार दहा शिलिंग भरून कोणालाही परवाना मिळत असे. हा मूलतः महसुलाचा कायदा होता. आपल्या जमिनीवर पाखरे हाकलण्यासाठी किंवा उपद्रवी प्राणी मारण्यासाठी बंदूक वापरणाऱ्या शेतकऱ्यास त्यातून सूट होती. बंदूक कोणाकडे असावी, हे ठरविण्याचा शासनाचा प्रयत्न पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाला. युद्धातून परतलेली शस्त्रे आणि रशियन राज्यक्रांतीनंतरची धास्ती या पार्श्वभूमीवर आलेल्या १९२० च्या कायद्याने रायफल आणि पिस्तूल यांसाठी पोलीसप्रमुखाचा दाखला सक्तीचा केला. त्यासाठी अर्जदाराने ‘योग्य कारण’ दाखविणे आवश्यक ठरले. गुळगुळीत नळीची, छऱ्यांची बंदूक मात्र या नियंत्रणातून वगळण्यात आली, कारण ती शेतीचे आणि शिकारीचे नित्याचे साधन होती.

‘योग्य कारण’ या शब्दांचा अर्थ प्रशासनाने हळूहळू संकुचित केला. व्यक्तीच्या वा मालमत्तेच्या रक्षणासाठी रिव्हॉल्व्हर हवे, एवढ्यावरून दाखला मिळेलच असे नाही, अशी भूमिका गृहमंत्री चटर ईड यांनी १९४६ मध्ये पार्लमेंटमध्ये मांडली. १६८९ च्या कायद्यात मान्य झालेले प्रयोजन अशा प्रकारे बाजूला पडले आणि शेतातले प्रयोजन शिल्लक राहिले.

मनाईकडून सक्तीकडे

याच सुमारास शेतातील प्रयोजनाला शासनाचा सक्रिय पाठिंबा मिळाला. युद्धकाळातील अन्नटंचाईच्या अनुभवातून आलेल्या १९४७ च्या कृषी कायद्याने ससे, हरिण, कोल्हे इत्यादी प्राण्यांचा नायनाट करण्याची नोटीस जमीनधारकास देण्याचा अधिकार मंत्र्यांना दिला. ज्या ‘हेअर’ला मारणे एके काळी गुन्हा होता, त्याला न मारणे आता कारवाईस पात्र ठरू शकत होते.

या धोरणाचे फलित मर्यादित होते. करड्या खारीच्या प्रत्येक शेपटीमागे प्रथम एक आणि नंतर दोन शिलिंग देण्याची योजना १९५३ ते १९५८ या काळात राबविली गेली, पण खारींचा प्रसार थांबला नाही. रानकबुतरांच्या निर्मूलनासाठी शासनाने काडतुसांच्या खर्चात वाटा उचलला. तथापि हिवाळ्यात मारले जाणारे बरेच पक्षी एरवीही अन्नाअभावी मरण पावले असते, असे पक्षिशास्त्रज्ञ आर. के. मर्टन यांच्या संशोधनातून दिसून आले. सशांची संख्या मोठ्या प्रमाणावर घटली ती १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचलेल्या ‘मिक्सोमॅटोसिस’ या विषाणुजन्य रोगामुळे, बंदुकीमुळे नव्हे.

‘योग्य कारणा’ची कायदेशीर व्याख्या

लंडनमध्ये १९६६ साली तीन पोलिसांची हत्या झाल्यानंतर १९६७ च्या कायद्याने छऱ्यांच्या बंदुकीसाठीही दाखला आवश्यक केला. ऑगस्ट १९८७ मध्ये हंगरफर्ड येथे एका बंदूकधाऱ्याने सोळा जणांचा बळी घेतल्यावर १९८८ चा कायदा आला. त्यानुसार छऱ्यांच्या बंदुकीचा दाखलाही योग्य कारणाअभावी नाकारता येऊ लागला; मात्र शिकार, नेमबाजीच्या स्पर्धा किंवा उपद्रवी प्राणी मारणे ही योग्य कारणे होत, असे कायद्यातच नमूद करण्यात आले. मार्च १९९६ मध्ये डनब्लेन येथील शाळेत सोळा मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्यानंतर १९९७ च्या दोन कायद्यांनी हातातील पिस्तुलांवर जवळपास संपूर्ण बंदी घातली. नेमबाज खेळाडूंची पिस्तुलेही त्यातून सुटली नाहीत, पण उपद्रवी प्राणी मारण्याच्या विशिष्ट छरा-पिस्तुलांना अपवाद ठेवण्यात आला.

या व्यवस्थेतील अंतर्विरोध १९९९ मध्ये नॉरफोक परगण्यातील एका घटनेने पुढे आणला. निर्जन शेतघरात राहणाऱ्या एका शेतकऱ्याने रात्री घरात शिरलेल्या चोरट्यांवर बेकायदा बंदुकीतून गोळ्या झाडल्या. त्यात सोळा वर्षांचा एक मुलगा मरण पावला. शेतकऱ्यास प्रथम खुनासाठी शिक्षा झाली. २००१ मध्ये अपिलात हा गुन्हा सदोष मनुष्यवधाचा ठरला. या निमित्ताने झालेल्या वादात ग्रामीण भागातील अनेकांनी शेतकऱ्याची बाजू घेतली, तर पळणाऱ्या मुलावर गोळी झाडणे हे संरक्षण कसे, असा प्रश्न इतरांनी विचारला.

भारतीय संदर्भ

ब्रिटनमध्ये १८७० साली दहा शिलिंगांत मिळणारा परवाना आणि भारतात अवघ्या आठ वर्षांनी लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत आलेला शस्त्र कायदा यांची तुलना उद्‌बोधक ठरते. तेथे परवाना हा कर होता, येथे तो नि:शस्त्रीकरणाचे साधन होता. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. कोकणातील शेतकऱ्याला हा शेतीसंरक्षण परवाना परिचित आहे. मात्र याच कायद्यात संरक्षण हेही परवान्याचे मान्य प्रयोजन राहिले. ब्रिटनने सोडून दिलेले प्रयोजन भारतीय कायद्याने टिकवून ठेवले, ही बाब लक्षणीय होय.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते, की ब्रिटनमध्ये बंदूकधारणेचा आधार प्रथम मालमत्ता, नंतर शुल्क आणि अखेरीस शासनाला पटणारे कारण असा बदलत गेला. या प्रवासात ‘उपद्रवी प्राणी’ ही संकल्पना सातत्याने टिकून राहिली. सामान्य शेतकऱ्याच्या घरी बंदूक राहिली ती मुख्यतः या संकल्पनेच्या आधारे. परंतु उपद्रवी कोणास म्हणावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे कधीच नव्हता. पूर्वी तो जमीनदारांच्या पार्लमेंटकडे होता. आता त्यात पर्यावरणवाद्यांचाही वाटा आहे. एप्रिल २०१९ मध्ये कायदेशीर आव्हानानंतर ‘नॅचरल इंग्लंड’ या संस्थेने कावळे, रानकबुतरे इत्यादी पक्षी मारण्याचे सर्वसाधारण परवाने रद्द केले, तेव्हा ऐन पेरणीच्या हंगामात शेतकरी अडचणीत आले आणि काही आठवड्यांत नवे परवाने काढावे लागले. बंदूक कोणाकडे असावी हा प्रश्न ब्रिटनने बव्हंशी मिटविला आहे. ती कोणावर रोखावी, याचा निर्णय कोणी घ्यावा, हा १६७१ मधील प्रश्न मात्र आजही तेथे वादाचा विषय आहे.