नाव कसूरचं, पान नागौरचं

आज जयपूरच्या जवाहर नगरात भाजी घ्यायला जाऊ. दिवाळी सरली की इथल्या हातगाड्या हिरव्या होतात. पालक, सरसों, हरभऱ्याचा कोवळा पाला आणि बथुआ. बथुआ म्हणजे आपला चाकवत. आपण तो ताकात शिजवतो, इथे दह्यात कालवून रायतं करतात. पावसाळ्यात चौलाई, म्हणजे आपल्या तांदुळजाची बहीणच. पण एप्रिलचं ऊन तापलं की पालेभाजी मलूल होते आणि वाळवणाचे डबे उघडतात. त्यातला एक डबा कसुरी मेथीचा. आजची गोष्ट तिची.

कसुरी म्हणजे कसूरची. लाहोरच्या दक्षिणेचं हे शहर, बुल्लेशाहचा दर्गा तिथलाच, आणि आपल्या 'अनमोल घडी'तली नूरजहाँही तिथलीच. 17 ऑगस्ट 1947 ला सीमारेषा जाहीर झाली. कसूर पाकिस्तानात गेलं, त्याच तहसिलीतलं खेमकरण भारतात राहिलं. जवाहर नगरला लागून असलेला राजा पार्क आणि शेजारचं आदर्श नगर, या वस्त्या फाळणीनंतर आलेल्या पंजाबी-सिंधी कुटुंबांनी वाढवल्या. गाव हातातून गेलं तरी मेथीचं नाव बदललं नाही. आज मात्र आपल्याकडच्या कसुरी मेथीचा मोठा भाग राजस्थानातल्याच नागौर जिल्ह्यात पिकतो. तिथले शेतकरी तिला पान मेथी म्हणतात. पाकिटावर नाव अजून कसूरचंच!

आता एक गैरसमज काढू. घरची मेथी वाळवली की कसुरी होते, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही, म्हणूनच तो वास येत नाही. ही मेथीची वेगळी जात आहे: पान लहान, बी अगदी बारीक, फूल गडद पिवळं. आपली मेथी मुळासकट उपटून जुडी बांधतात. ही हिवाळ्याच्या तोंडावर पेरतात, सुरुवातीला जमिनीलगत बसकी राहते, वाढ संथ. मग विळ्याने कापायची, ती पुन्हा फुटते, पुन्हा कापायची. थंडी आणि कोरडी हवा तिला मानवते. आपल्या कोकणात हा खटाटोप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गच्चीत लावायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुंडीत बी वरवर टाका, माती जेमतेम झाकेल एवढीच. पानं सावलीत वाळवा. वापरताना तवा किंचित गरम करून त्यावर फिरवा, तळहातावर चुरडा आणि भाजी उतरवण्याआधी घाला. आधी घातली तर वास वाफेबरोबर जातो, मागे कडूपणा उरतो.