पॅकेज काढायचं, पण आधी विचारून

आपल्या बेल्ह्याच्याच तालुक्यात, खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. तिचा डेटा तपासायला खगोलशास्त्रज्ञ ‘कासा’ नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. कासा 5 पायथन 2 वर चालायचं आणि पायथन 2 ची देखभाल 1 जानेवारी 2020 ला थांबली. आता बग दुरुस्त करायला कुणीच नाही, पण वापरणारे भरपूर. अशी गोष्ट काढायची कशी? आज त्याचाच इतिहास.

इयन मर्डॉकने ऑगस्ट 1993 मध्ये डेबियन सुरू केलं. तिथल्या प्रत्येक पॅकेजला मेंटेनर असतो, बहुतेक वेळा स्वयंसेवक. त्याची नोकरी बदलते, वेळ मिळत नाही, तो पॅकेज सोडतो. अशा पॅकेजला डेबियनमध्ये सरळ ‘अनाथ’ म्हणतात. बग साचतात ते इथेच.

2000 साली ‘टेस्टिंग’ शाखा आली. गंभीर नवा बग असलेलं पॅकेज तिच्यात शिरत नाही. आधीच आत असलेल्यांचं काय? 2013 पासून त्यांच्यासाठी आपोआप काढायची पद्धत आहे. मेंटेनरला मेल जातो: अमुक तारखेपर्यंत बग सुटला नाही तर पॅकेज बाहेर. त्या पॅकेजवर जी दुसरी पॅकेजेस अवलंबून आहेत, त्यांच्या मेंटेनरलाही तोच इशारा.

डेबियनमधून कायमचं काढायचं असेल तर उघडपणे अर्ज करावा लागतो. तोही बग म्हणूनच नोंदवतात! मग पॅकेज काढल्यावर आणखी काय काय मोडेल, ते तपासतात.

पायथन 2 च्या वेळी हेच मोठ्या प्रमाणावर झालं. त्यावर टेकलेल्या एकेका पॅकेजवर बग नोंदवले. काही पायथन 3 वर गेली, काही काढली. तरी ऑगस्ट 2021 च्या डेबियन 11 मध्ये पायथन 2 मोजक्या कामांपुरतं ठेवावंच लागलं. जून 2023 च्या डेबियन 12 मधून ते गेलं. म्हणजे देखभाल थांबल्यावर साडेतीन वर्षांनी. काढायची कमांड क्षणाची, वेळ गेला तो अवलंबून असलेल्यांना हलवण्यात.

आणि कासा? ते स्वतःचं पायथन सोबतच घेऊन यायचं, त्यामुळे डेबियनने काढलं म्हणून बंद पडलं नसतं. पण सोबत आणलेल्या पायथनचे बग कोण काढणार? कासा 6 पायथन 3 वर आलं. जुन्या स्क्रिप्ट ज्यांच्याकडे होत्या, त्यांना त्या बदलाव्या लागल्या.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. डेबियनने पॅकेज काढलं तरी तुमच्या लॅपटॉपवरून ते आपोआप जात नाही. मुकाट चालत राहतं, फक्त सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. तेव्हा सिस्टीम नव्या आवृत्तीवर नेली की मागे काय उरलंय ते एकदा बघाच. भेटू पुढच्या भागात!